सुतकात संपलेली मुदत

ह्यांचं ताडपत्रीचं दुकान जुन्या हायवेच्या कडेला होतं. दुकान म्हणजे एकच गाळा, पुढे पत्र्याची पडवी, आत लोखंडी पायाचं जड शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या गुंडाळ्या. न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या गाड्या पळस्प्याकडे जाताना तिथे थांबायच्या. कोणाची ताडपत्री वाऱ्याने चिरलेली असायची, कोणाच्या कड्या निखळलेल्या. हे पडवीत मांडी घालून बसायचे, ताडपत्री मांडीवर ओढून घ्यायचे आणि टाके घालत ड्रायव्हरशी गप्पा मारायचे. घरी आले की अंगाला त्या कापडाचा वास यायचा. लग्न झालं तेव्हा मला तो वास सहन होत नसे. पुढे त्याची इतकी सवय झाली की सुट्टीच्या दिवशी घर रिकामं वाटायचं.

हे काम त्यांना कोणी शिकवलं नाही. माझे सासरे खाडीवरच्या होड्यांची शिडं शिवायचे. शिडं गेली, इंजिनं आली, मग खाडीत भराव पडला आणि होडीही विकावी लागली. ह्यांच्या बोटांत तेवढी शिवण राहिली. गावातली ह्यांच्या वयाची माणसं बंदरात आणि गोदामांत कामाला लागली, हे मात्र कोणाच्या हाताखाली गेले नाहीत. "आपल्या दुकानात आपन कवाबी बसू, कवाबी उठू," असं म्हणायचे. उठायचे मात्र नाहीत. दिवस मावळला तरी बसलेलेच.

गाळा भाड्याचा होता. जुने मालक होते तोवर भाडं न्यायला ते स्वतः घरी यायचे, चहा घ्यायचे, सासूबाईंशी बोलत बसायचे. ते गेले आणि मुलाने व्यवहार हातात घेतला. त्याला शेजारशेजारचे गाळे एक करून मोठं दुकान काढायचं होतं. बाकीच्यांनी पैसे घेऊन जागा सोडली. आम्ही सोडली नाही. मग त्याने भाडं घेणंच बंद केलं. हे दर महिन्याला पाकीट घेऊन जायचे आणि तसेच परत यायचे. पुढे जाणंही बंद झालं. घेत नाही तर आपण काय करणार, असं आम्हाला वाटलं. भाडं मनीऑर्डरने तरी पाठवायला हवं होतं, हे आम्हाला कोर्टात उभं राहिल्यावर कळलं. खालच्या कोर्टाने भाडं थकवलं म्हणून गाळा सोडायला सांगितला.

आमच्या वकीलबाई तरुण होत्या. पनवेलच्याच. ह्यांना काका म्हणायच्या. त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं. तिथल्या साहेबांनी स्थगिती दिली, पण एक अट घातली. थकलेलं सगळं भाडं दोन महिन्यांत कोर्टात जमा करायचं. केलं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत गाळा आमच्याकडे राहील. नाही केलं तर स्थगिती आपोआप जाईल.

त्या दिवशी मीही गेले होते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभं राहून वकीलबाईंनी ह्यांना सगळं समजावून सांगितलं.

"काका, तारीख चुकवायची नाही. अगदीच अडचण आली तर कोर्ट महिनाभर वाढवून देऊ शकतं. पण त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो, कारण सांगावं लागतं, आणि द्यायचं की नाही ते साहेबांच्या मनावर असतं."

"म्हंजे महिना हाय हातात," हे म्हणाले.

"नाही काका. नाहीये असंच समजा."

हे हसले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "पोर हुशार हाय. भ्या दाखवते जरा, पन ते त्यांचं कामच हाय."

पैसे जमवायला दोन महिने जवळजवळ पुरे लागले. शेवटचे माझे दागिने पतपेढीत ठेवून आणले. तो शनिवार होता. मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. सोमवारी कोर्टात जाऊन भरायचं ठरलं.

आमच्या घरात एक पद्धत आहे. मोठ्या कामाचा पैसा आधी देवाच्या पाटाखाली ठेवायचा. होडीला नवं जाळं घ्यायचं असलं की सासरे तसं करायचे. देव्हाऱ्यात देव ज्या पाटावर मांडलेले असतात तो पाट उचलायचा, खाली पैसा ठेवायचा, वर देव बसवायचे. दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा आणि मग पैसा घराबाहेर काढायचा. गाळा घेतला तेव्हाही पहिलं भाडं असंच गेलं होतं. त्या शनिवारी संध्याकाळी ह्यांनी लाल फडक्यात पैसे बांधून पाटाखाली ठेवले. सासूबाई कॉटवरून बघत होत्या. त्या बरेच दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या, पण तोंड तसंच होतं.

"नीट सरकव आत," त्या म्हणाल्या. "उंदरानं खाल्लं त जज्जाला काय सांगशील?"

"उंदीर पन तुला भितात आये."

"भितात तर. तुझ्यासारखं नाय."

रविवारी दुपारी जेवणानंतर त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर त्या गेल्या होत्या.

त्यानंतरचं सगळं घाईत झालं, कोणाच्याही घरी होतं तसंच. ह्यांची मोठी बहीण जासईकडून आली. मी त्यांना अक्का म्हणते. त्याही आईसारख्याच, मासळी विकून विकून आवाज कमावलेल्या. पण त्या दिवशी आईच्या पायाशी बसून त्या नुसत्या तिची बोटं चोळत राहिल्या.

सुतक लागलं. आम्ही कोणी देव्हाऱ्याला हात लावायचा नव्हता. शेजारच्या वहिनी रोज सकाळी अंघोळ करून यायच्या, देवापुढे दिवा लावायच्या, एक फूल ठेवायच्या आणि जायच्या. त्या पुण्याकडच्या. त्यांचे मिस्टर इथल्या ऑफिसात नोकरीला. स्वभावाने शांत. मी न सांगताच त्या पहिल्या दिवशी आल्या होत्या. "देवाचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या दिवा लावत होत्या तेव्हा मला पैशांची आठवण झाली. ह्यांनाही झाली असावी. ते भिंतीला टेकून बसले होते आणि देव्हाऱ्याकडे बघत होते. पण घरात माणसं येत जात होती, बोलता येत नव्हतं. मंगळवारही तसाच गेला.

बुधवारी दुपारी थोडी शांतता मिळाली. हे स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा मी हळूच म्हटलं, "अहो, पैसे पाटाखालीच आहेत. मुदत शुक्रवारी संपते."

"ठाऊक हाय मला."

"आपल्याला हात लावता येत नाही. पण वहिनी रोज येतातच. त्यांना सांगितलं तर त्या पाट उचलून काढून देतील. त्यांना सुतक नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते पटलं होतं. मी इतकी वर्षं त्यांचा चेहरा बघते आहे, पटलं की त्यांची भुवई जरा वर जाते. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात अक्का दारात आल्या. त्यांनी ऐकलं होतं.

"काय काढून देतील?"

मीच सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखा खाली गेला.

"अगो, आये जाऊन तीन दिस नाय झालं," अक्का म्हणाल्या. "आनि तुमी देवाखालचा पैसा बाहेरच्या बाईच्या हातानं काढायला निगाले. आमच्या घरात असं कवा झालंय? नारळ नाय, काय नाय. तसा पैसा बाहेर गेला त लाभल काय?"

"अक्का, कोर्टाची तारीख हाय," हे म्हणाले.

"कोर्टातल्यांच्या घरी कोन मरत नाय काय? त्यांना सुतक नाय काय कळत? जाऊन सांग, आये वारली. मानसंच हायत ना ती?"

"तसं महिना वाढवून मिळतो म्हनतात."

"मंग झालं की. तेराव्याला नारळ फोडू आनि मान ताठ करून भरून येऊ."

हे मान हलवून बाहेर गेले. अक्का माझ्या जवळ आल्या आणि चुलीवरचं भांडं उगीचच हलवून ठेवलं. म्हणाल्या, "तुझं चुकीचं नाय गो. पन आज नको." त्यांचे डोळे रडून इतके सुजलेले होते की त्यांच्याशी वाद घालावा असं कोणालाच वाटलं नसतं.

मी पुन्हा एकदा, गुरुवारी रात्री, ह्यांना विचारलं. निदान वकीलबाईंना फोन करून सांगा म्हटलं. ह्यांनी आपला फोन बंद करून कपाटात ठेवला होता. ड्रायव्हरांचे फोन येत राहायचे, कोणाला ताडपत्री हवी, कोणाला दोर हवा, आणि आईचे दिवस होईपर्यंत धंद्याचं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "महिना हाय," ते म्हणाले. "पोरीनंच सांगितलाय. आता झोप."

शुक्रवारी वहिनी नेहमीसारख्या आल्या. त्यांनी जुनं फूल उचललं, पाटाची कड फडक्याने पुसली, दिवा लावला. मी दारातून बघत होते. त्यांची बोटं पाटाच्या कडेवरून फिरली. मग त्या हात जोडून निघून गेल्या आणि दिवस इतर दिवसांसारखाच संपला.

त्यानंतर घरात पैशांचा विषय कोणी काढला नाही. दहाव्याला खाडीवर गेलो. कावळा लगेच शिवला, तेव्हा अक्का म्हणाल्या की आईचं मन कशात अडकलेलं नाही. ह्यांना त्याने फार बरं वाटलं.

बाराव्याच्या दिवशी घरात स्वयंपाक चालला होता. हे डोकं मुंडलेले, खांद्यावर पंचा टाकून जेवायला आलेल्यांची व्यवस्था बघत होते. तेवढ्यात दुकानाशेजारचा पंक्चरवाला स्कूटरवरून आला. त्याने ह्यांना बाजूला घेतलं.

"चाचा, फोन क्यूँ बंद है? आपके गाले पे लोग आये हैं. कोर्ट का आदमी है, पोलीस भी है."

हे तसेच त्याच्या मागे बसून गेले, पायात चप्पलही नव्हती. मी पाठोपाठ रिक्षाने गेले. अक्का वाढत होत्या, त्यांना मी सांगितलं नाही.

कोर्टाचा बेलीफ पडवीत खुर्ची टाकून लिहीत होता. मालकाचा मुलगा फोनवर बोलत रस्त्याच्या पलीकडे उभा होता. मुदत संपली, पैसे भरले गेले नाहीत, म्हणजे स्थगिती गेली. ताबा घ्यायचं वॉरंट आधीचंच होतं, स्थगितीने तेवढं अडलं होतं. हे बेलीफला सांगत होते की पैसे घरात आहेत, उद्याच भरतो, आई वारली. बेलीफ वयस्कर होता. त्याने ह्यांच्या डोक्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, माझ्या हातात कागद आहे. ह्यात लिहिलंय तेवढंच मला करता येतं. तुम्हाला सामान काढायला वेळ देतो, घाई करू नका. पण स्टेचा दुसरा कागद असेल तर आत्ता दाखवा."

दुसरा कागद नव्हता. बेलीफ मालकाच्या मुलाला म्हणाला, "साहेब, ह्यांच्या घरी कार्य आहे. उद्या केलं तर चालेल का?" मुलगा म्हणाला, "आज पोलीस मिळालेत, उद्याचं कोणी सांगावं." खोटं बोलत होता असं नाही. त्याच्या बाजूने तेही खरंच होतं.

मशीन काढायला चार माणसं लागली. पंक्चरवाल्याने आणि थांबलेल्या दोन ड्रायव्हरांनी हात लावला. एक ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, इतना भारी मशीन, ससुराल से आया था क्या?" सगळे हसले, हेही हसले. ताडपत्रीच्या गुंडाळ्या एका छोट्या टेम्पोत घातल्या. मग बेलीफने कुलूप लावलं, ह्यांची सही घेतली आणि हात जोडून गेला. आम्ही घरी आलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. ह्यांनी त्या दिवशी सगळ्यांनंतर एकट्यानेच जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी घर शुद्ध झालं. ह्यांनी नारळ फोडला, पाट उचलला, लाल फडकं काढलं. अक्का बाजूला उभ्या होत्या. दुकानाचं त्यांना रात्रीच कळलं होतं. वहिनी प्रसाद घ्यायला आल्या होत्या. पैसे बघून त्या म्हणाल्या, "हे इथे होतं? अहो, मी रोज हात लावत होते पाटाला. मला नुसतं सांगायचं होतं. एका मिनिटाचं काम."

ह्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. वहिनींना वाटलं आपलं काही चुकलं. त्या प्रसाद घेऊन लगबगीने गेल्या.

वकीलबाईंनी त्या शुक्रवारी फोनवर फोन केले होते. संदेशही पाठवले होते. हे कपाटातून फोन काढून सुरू करून बसले तेव्हा ते एकामागून एक येत गेले. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या पहिल्यांदा ह्यांना रागावल्या. मग ह्यांचं डोकं बघून त्यांनी फाईल उघडली. म्हणाल्या, "मुदत वाढवून मागू. संपल्यानंतरही मागता येते. समोरचे म्हणतील येत नाही. बघू."

त्या अर्जाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. तो दिवस मला अजून पूर्ण आठवतो, कारण तिथे मोठमोठी माणसं आमच्या पाटाबद्दल बोलत होती.

मालकाचे वकील म्हणाले की आदेशातच लिहिलं आहे, रक्कम भरली नाही तर स्थगिती आपोआप रद्द. ती रद्द झाली. जे उरलंच नाही त्याची मुदत कोर्ट कसं वाढवणार? आमच्या वकीलबाई म्हणाल्या की मुदत ज्या कोर्टाने घातली त्यालाच ती वाढवता येते, दिवस उलटले तरी येते, फक्त कारण खरं पाहिजे. नाहीतर कोर्ट स्वतःच्याच कागदात अडकून पडेल. दोघांनीही जाड पुस्तकांतले निकाल वाचून दाखवले. कुठल्या कोर्टाने दिली होती, कुठल्या कोर्टाने नाकारली होती. मला त्यातलं एवढं कळलं की असं आमच्या एकट्याचंच झालेलं नाही. पुष्कळ लोकांच्या तारखा उलटल्या आहेत, आणि त्यावर शहाण्या माणसांचं अजून एकमत नाही.

साहेबांनी ह्यांना पुढे बोलावलं.

"पैसे मुदतीत तयार होते?"

"व्हय साहेब. शनवारीच आनले होते."

"मग भरले का नाहीत?"

"देवाच्या पाटाखाली होते साहेब. आये वारली. सुतकात देवाला हात कसा लावनार?"

कोर्टात कोणीतरी हसलं. साहेबांनी त्या बाजूला बघितलं तेव्हा ते थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "सुतकात तुमच्याकडे देवपूजा कोण करत होतं?"

"शेजारच्या बाई."

"रोज?"

"रोज साहेब."

"मग त्यांना पाट उचलायला का नाही सांगितलं?"

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. पूर्ण वळून, साहेबांकडे पाठ करून. शिपायाने त्यांना हात लावून पुढे वळवलं. त्यांना अक्कांचं नाव घेता आलं असतं, ते खरंही होतं.

"सुचलं नाय साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी थोडा वेळ काही लिहिलं. मग म्हणाले की कोर्टाचे हात बांधलेले नाहीत, खरं कारण असेल तर मुदत गेल्यावरही वाढवता येते, आणि हे कारण त्यांना खरं वाटतं. त्यांनी पैसे भरायला आठवडा दिला. अपील चालू राहील म्हणाले. वकीलबाई वळून माझ्याकडे बघून हसल्या. मलाही क्षणभर वाटलं की कुलूप आता निघालं.

तेव्हा मालकाचे वकील उभे राहिले आणि म्हणाले की ताबा तर केव्हाच घेतला आहे, मधली भिंतही पाडली आहे. त्यांनी फोटो दिले. साहेबांनी ते बराच वेळ बघितले.

"मुदत मी वाढवून दिली आहे," ते ह्यांना म्हणाले. "पण स्थगिती नसताना कायद्याने घेतलेला ताबा ह्या अर्जावर मला परत फिरवता येत नाही. अपील जिंकलात तर तेव्हा मागता येईल." मग फोटो बाजूला ठेवून म्हणाले, "त्या शुक्रवारच्या आत एक साधा अर्ज आला असता, आई वारली एवढंच लिहिलेला, तर मी तेव्हाच मुदत दिली असती. गाळा तुमच्याकडेच राहिला असता."

हे "बरं साहेब" म्हणाले.

आम्ही पैसे भरले. वकीलबाई सांगत होत्या की अपिलात दम आहे, भाडं द्यायला नेलं होतं याला साक्षीदार आहेत, धीर धरा. किती दिवस ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तोवर मशीन आमच्या घराच्या वऱ्हांड्यात प्लास्टिकने झाकून ठेवलं होतं. गल्लीत ट्रक शिरत नाही, त्यामुळे तिथे काम येणार नव्हतं. ह्यांनी थोडे दिवस हायवेच्या कडेला झाडाखाली हाताने टाके घालून बघितले. तिथून उठवलं गेलं.

एकदा अक्का आल्या. त्यांच्या घराला पुढे मोठी ओटी आहे, रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर जातात. म्हणाल्या, "बाळा, मशीन माझ्या ओटीवर आन. तिथं गाडीला तोटा नाय."

"नको अक्का," हे म्हणाले.

"का? माझ्या घरात लाज वाटते?"

"नको म्हनलं ना."

एवढंच बोलले आणि उठून गेले. त्या एका वाक्यापलीकडे ह्यांनी बहिणीला कधी दुखावलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण अक्कांना जे समजायचं ते समजलं. मी त्यांना चहा दिला. कप हातात धरून त्या मला म्हणाल्या, "बाबा गेले ना, तवा आयेनं काय केलं ठाऊक हाय? बरफातली मासली घरात पडली होती. सगली नको नको म्हनत होती. तिनं शेजारनीला बोलावलं, टोपली तिच्या डोक्यावर दिली, भाव सांगितला आनि बाजारात धाडली. म्हनाली, मेलेला गेला, मासली कशाला कुजवायची."

मी त्यांच्यापुढे बशी सरकवली.

"ती असती त तिनंच सांगितलं असतं त्या बाईला, उचल पाट म्हनून," अक्का म्हणाल्या. "मी तिचंच सुतक पालत होती, आनि ती काय बोलली असती ते मना आठवलंच नाय."

त्या रडल्या नाहीत. चहा संपवून गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे येतात त्या सणालाच, आणि लवकर निघतात. मला वाटतं गाळ्यापेक्षा ह्यांचं हेच जास्त गेलं. दर आठवड्याला बहीण यायची, ताजे बोंबील नाहीतर कोळंबी आणायची, भावाच्या पोटावरून त्याची टिंगल करायची. ते हसणं आता घरात नाही. माझ्याकडे तसं बोलणं नाही, मी कोणाची टिंगल करू शकत नाही.

गेल्या वर्षी मालकाच्या मुलाने निरोप पाठवला. अपील मागे घेतलं तर कोर्टात भरलेलं भाडं तो मागणार नाही, आम्हाला परत मिळेल. दोन दिवसांनी ह्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला दुकानाबद्दल असं कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हाला तो गाळा परत मिळेल असं वाटतं का?"

"मिळेल. मी नसेन तवा."

"मग घ्या मागे."

वकीलबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी कागद करून दिला. कोर्टात दुसरे साहेब होते. त्यांनी कोणाचा दबाव आहे का विचारलं, हे नाही म्हणाले, आणि ते सगळं पाच मिनिटांत संपलं. दागिने सोडवून आणले. मी ते घालत नाही, कपाटात आहेत.

आता हे पळस्प्याच्या पुढे दुसऱ्याच्या ताडपत्रीच्या दुकानात रोजावर जातात. मालक चांगला आहे, ह्यांच्या हाताखाली शिकलेला. तो ह्यांना अजून उस्तादच म्हणतो, त्यामुळे ह्यांना जास्त अवघड होतं. सकाळी वेळेवर निघतात. डबा घेऊन जातात. संध्याकाळी वेळेवर परत येतात.

परवा रविवारी हे घरी होते तेव्हा फोन वाजला. लांबच्या गाडीचा कोणी जुना ड्रायव्हर होता. फोन मोठ्याने लावलेला असतो, ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

"उस्ताद, मैं आपकी दुकान के सामने खड़ा हूँ. यहाँ तो मोबाइल की दुकान है. आप किधर गये?"

"किधर नही. पलस्पे से आगे आ जाओ. पेट्रोल पंप के बाजू में."

"उधर बड़ा कर लिया क्या?"

"हाँ, बड़ा है," हे म्हणाले. "आज छुट्टी है. कल आओ, मैं रहूँगा."

फोन ठेवल्यावर ह्यांनी डब्याची पिशवी काढून दाराशी ठेवली. मी भाजी निवडत होते. मी वर बघितलं नाही. मग ते म्हणाले, "उद्या जरा लवकर निगतो. तो यायच्या आत पोचायला पायजे, नायतर तिथं कोनाला तरी मालक कोन म्हनून विचारेल."